काकूने पोसलेला हत्ती

काकू कुठलीही वस्तू हाताळायच्या आधी तिला कान लावायची. मिक्सर सुरू केला की त्याच्या डोक्यावर तळहात आणि मान तिरकी. पाण्याचा पंप, टेबलफॅन, शिलाई मशीन, सगळ्यांची अशी तपासणी व्हायची. "बिघडायच्या आधी प्रत्येक वस्तू कुरकुरते," ती म्हणायची. "आपण ऐकत नाही, मग ती बोंब मारते." माणसांनाही तिने हाच नियम लावलेला होता. मी ठाण्याहून ऑफिस करून येऊन जिना चढायला लागले की पहिल्या मजल्यावरच्या तिच्या दारातून आवाज यायचा, "आज साहेब ओरडलेला दिसतोय. पाय आपटत येतेयस. ये, आमटी घेऊन जा वाटीभर." साहेब बहुतेक वेळा खरोखरच ओरडलेला असायचा.

आता काकू नाशिकला लेकीकडे राहायला गेली आहे. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचं पोळी-भाजी केंद्र होतं, ते तिने तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या स्वाधीन केलं आणि जाताना आपली ती अजस्र काळी गाडी स्वतः चालवत घेऊन गेली. पार्किंगमध्ये एवढी जागा मोकळी झाली की तिच्यावरून सोसायटीत दोन मीटिंगा झाल्या. जागा कुणाला मिळाली ते मला ठाऊक नाही, कारण सगळे अजून तिला 'काकूंची जागा'च म्हणतात.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको, सुमन. काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. पदरात लहान मुलगी, शिक्षण जेमतेम, आणि हातात एकच कला, ती म्हणजे पोळी. तिने केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांनी, घर डोक्यावर घेतलं. बाबा शाळेचे मुख्याध्यापक. "आपल्या घरातली बाई दुकान मांडून पोळ्या विकणार? अंथरूण पाहून पाय पसरावेत, सुमन," असं म्हणून ते तावातावाने बाहेर पडले आणि संध्याकाळी मोठी शेगडी आणि सिलिंडर रिक्षात घालून घेऊन आले. विरोध तोंडाने आणि मदत हाताने, ही बाबांची पद्धत होती.

केंद्र चाललं, वाढलं. मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना डबे जाऊ लागले. लेक शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. एवढं सगळं झालं, पण बाबांनी काकूला कधी 'छान' म्हटलं नाही. ते कुणालाच म्हणत नसत. निबंधाला पैकीच्या पैकी मार्क देणं म्हणजे त्यांच्या मते शिक्षकाचं अधःपतन. फारच खूश झाले तर 'ठीक आहे'. मला स्वतःला दहावीच्या निकालाला 'ठीक आहे' मिळालं होतं आणि आईने त्या आनंदात शिरा केला होता. काकूला तेवढंही मिळालं नव्हतं. बाकी जगाला पुरून उरलेली ही बाई या एका माणसाच्या एका शब्दासाठी आयुष्यभर थांबली होती. ती हे कधी बोलली नाही, पण मी तिच्याच हाताखाली वाढलेली, मलाही थोडं ऐकू येत होतं.

डब्यांची व्हॅन चालवणारा माणूस एकदा गावी गेला तो गेलाच, तेव्हा काकूने पदर खोचला आणि स्वतः गाडी शिकली. मानपाड्याच्या रस्त्यावर टँकर आणि रिक्षांच्या मधून जी बाई डब्यातली आमटी न सांडता व्हॅन नेते, तिला जगात कुठेही गाडी चालवता येते, असं तिचं मत होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. नम्रता हा प्रकारच काकूकडे नव्हता. कुणी कौतुक केलं की आपण "छे छे, कुठलं काय" म्हणतो, ती म्हणायची, "हो, चालवते मी चांगली. उगाच कशाला नाही म्हणू?" ती गाडी खरंच चांगली चालवायची, त्यामुळे कुणाला काही बोलता यायचं नाही.

साठी जवळ आल्यावर एक दिवस तिने जाहीर केलं की आता स्वतःची गाडी घेणार. आम्हाला वाटलं, घेईल एखादी छोटी, भाजी आणण्यापुरती. ती मला घेऊन माजिवड्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे गेली आणि एका काळ्याभोर, आलिशान, परदेशी बनावटीच्या एसयूव्हीसमोर जाऊन उभी राहिली. घोडबंदर रोडच्या कुणा बिल्डरने नव्या मॉडेलच्या नादात काढून टाकलेली गाडी. नवी असती तर आमच्या सात पिढ्यांनी नुसती लांबून बघितली असती; जुनी म्हणून ती एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात उभी होती. विकणारा मोठ्या उत्साहाने वरचं काचेचं छप्पर उघडून दाखवायला लागला. "डोंबिवलीत वर बघून काय दिसणार? केबलच्या वायरी?" असं म्हणून काकूने खालचं कार्पेट उचललं आणि त्याचा वास घेतला. गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली नाही ना, हे ती पिठाच्या डब्यासारखं नाकाने तपासत होती. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "हे गरम आहे. मी यायच्या आधी चालू करून ठेवलेलीत ना? उद्या सकाळी येते. तोवर हात लावायचा नाही."

"मॅडम, गाडी एकदम मख्खन आहे," तो म्हणाला.

"असू दे. तापलेल्या तव्यावर कुणाचीही पोळी फुगते. मला पहिली पोळी बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार इंजिन सुरू झालं आणि काकू बॉनेटवर तळहात टेकून, डोळे मिटून उभी राहिली. विकणाऱ्याला वाटलं बाई नमस्कार करतायत, त्यानेही हात जोडले. मग ज्यासाठी तिने हीच गाडी हेरली होती ते बटण तिने दाबायला सांगितलं. या गाडीला चाकांवर स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. बटण दाबलं की हवा कमी व्हायची आणि गाडी उभ्या जागी हळूच वाकायची. काकूने दार उघडून पायरी आपल्या गुडघ्याशी लावून बघितली, दोनदा चढली, दोनदा उतरली आणि म्हणाली, "हीच."

दसऱ्याला गाडी घरी आली. सगळी इमारत खाली जमली. बाबा आणि आई मात्र दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. बाबांचे गुडघे तोवर पार गेलेले, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकूने खालून हाक मारली, "दादा, या ना. सावकाश या. पहिली फेरी तुम्हाला घेऊन." बाबांनी कठड्यावरून गाडीकडे असं बघितलं जसं ते कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघत.

"सुमन, दुसऱ्याने टाकून दिलेला हत्ती दारात आणून बांधलास," ते वरूनच म्हणाले. "हत्ती विकत घेता येतो, पोसता येत नाही. एक दिवस ही भररस्त्यात बंद पडेल आणि तू रिक्षाने घरी येशील. मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

काकू कमरेवर हात ठेवून उभी. "आणि नाही पडली बंद तर?"

"पुढच्या दसऱ्यापर्यंत रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, तर बसेन."

"शब्द?"

"मुख्याध्यापकाचा शब्द," बाबा म्हणाले आणि आत गेले. आई पदराआड हसत तशीच उभी राहिली.

त्या दिवशी मी काकूला झापलं. एवढं धूड घेतलंच कशाला, असं विचारलं. ती आपट्याची पानं गोळा करत होती. "आपलं गाव माळशेजच्या पलीकडे," ती म्हणाली. "दादा गावी जाऊन किती वर्षं झाली? एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. छोट्या गाडीत गुडघा दुमडत नाही. घाटात दणके बसले की कंबर धरते. गाव सुटल्यापासून माणूस वाळत चाललाय, तुला दिसत नाही? ही गाडी वाकते, सीट मागे जाते, पोटातलं पाणी हलत नाही. पण त्यांच्यासाठी घेतली म्हणून सांगितलं तर घाटात ढकलून देतील मला. तू तोंड उघडायचं नाही." मी तोंड उघडलं नाही. पण त्या दिवसापासून ती गाडी चालू राहण्यात माझाही जीव अडकला.

पहिला घाव मात्र काकूनेच घातला. तिच्या मते हार काचेवर घालणं म्हणजे देवाला उंबऱ्याबाहेर उभं करणं. देव असतो तो इंजिनात. म्हणून दसऱ्याच्या पूजेला तिने बॉनेट उघडायला लावलं होतं. आत हळदकुंकू, झेंडू, आणि सपाट जागा बघून केळीच्या पानाच्या तुकड्यावर खोबरं-साखरेचा नैवेद्य. मग गडबडीत बॉनेट बंद झालं. काकूला वाटलं नैवेद्य केंद्रातल्या बायकांनी उचलला, बायकांना वाटलं काकूने. थोड्याच दिवसांत एका सकाळी गाडी सुरूच होईना, आणि समोरच्या पडद्यावर दिवाळीसारखे दिवे लागले. मानपाड्याहून गॅरेजवाले म्हात्रे आले. हे तिथले गाववाले, काकूच्या व्हॅनचे जुने डॉक्टर. त्यांनी बॉनेट उघडलं. खोबऱ्याचा पत्ता नव्हता, केळीचं पान तेवढं होतं, आणि शेजारच्या वायरी कुरतडलेल्या. म्हात्रे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काकी, देव जेवून गेला, त्याचा उंदीर मागं ऱ्हायला. गारी हाय ही, देव्हारा नाय."

इमारतीत लगेच निकाल लागला: काकू हरली. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चर्चा. तेवढ्यात बाबा गॅलरीत आले. "शब्द 'रस्त्यात' असा होता," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "गाडी घरी बंद पडली. घरी आजारी पडणाऱ्याची रजा मंजूर होते." आणि पुन्हा आत गेले. काकूने वर बघून हात जोडले. त्या दिवसापासून डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बॉनेटखाली लटकल्या आणि गाडीत शेंगदाण्याचा दाणासुद्धा नेण्यावर बंदी आली. वायरी म्हात्र्यांनी जोडल्या. काकू तेवढा वेळ त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती, ऊन लागू नये म्हणून, आणि थोडीशी लाजेनेही.

गाडी सांभाळायची तिची सगळी शास्त्रं स्वयंपाकघरातून आलेली होती. "तेल काळं झालं की बदलायचं, मग ते तळणीचं असो नाहीतर इंजिनचं. काळ्या तेलात पुरी तळणारा आणि काळ्या तेलावर गाडी चालवणारा, पहिला गिऱ्हाईकाला फसवतो, दुसरा स्वतःलाच." कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या बरंच आधी ती तेल बदलून घ्यायची. दर मंगळवारी सकाळी देवीला जाऊन आली की गाडीला एक फेरी, प्रत्येक टायरवर हात, हवा तपासायची, काचा पुसायच्या. एक दिवसाआड गाडी बाहेर काढायचीच. "बसून राहिलं की गाडी आखडते," ती मोठ्याने म्हणायची, दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. बाबा त्यानंतर काही दिवस घरातल्या घरात फेऱ्या मारायचे.

लोकांना सगळ्यात खुपायचं ते वेगळंच. काकू पहाटे कल्याणच्या भाजी मार्केटला त्या आलिशान गाडीतून जायची आणि मागे स्वच्छ चादर अंथरून त्यावर कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, दुधी घालून यायची. शेजारचे देशपांडे एकदा न राहवून म्हणाले, "अहो काकू, एवढी भारी गाडी आणि त्यात मेथी?" काकू म्हणाली, "बिल्डर बसायचा तेव्हा चालत होतं ना? मग मेथीनेच काय पाप केलंय? एसीतून येते, ताजी राहते." देशपांड्यांच्या घरी संध्याकाळी केंद्रातूनच मेथीची भाजी जायची, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मोठ्या कामांसाठी ती गाडी ठाण्याच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची. "म्हात्रे आपले घरचे डॉक्टर, हे हार्ट स्पेशालिस्ट. दोघांचं ऐकायचं आणि दोघांना एकमेकांचं सांगायचं नाही." तिथल्या काचेच्या दालनात कॉफीचं मशीन होतं, काकू सोबत थालीपिठं घेऊन जायची आणि रांगेतल्या सगळ्यांना द्यायची. सल्लागार हातात टॅब घेऊन सांगायचा, "मॅम, हा पार्टपण रिप्लेस करावा लागेल." काकूचं ठरलेलं उत्तर, "करा. पण जुना काढाल तो माझ्या हातात द्या." सुरुवातीला तो बिचारा दुखावला. काकूने समजूत घातली, "अरे बाबा, तुझ्यावर अविश्वास नाही. पण वांगं घेताना आपण फिरवून बघतोच ना? भाजीवाला रडतो का?"

तिचंही चुकायचं. एकदा सीटवरचा डाग काढायला तिने ओटा घासतात तसं लिंबू आणि सोडा घेऊन चामडं घासलं, आणि तिथे भोपळ्याएवढा पांढरा चट्टा उमटला. त्या सल्लागाराने तिला चांगलंच फैलावर घेतलं, चामड्याचं क्रीम कसं लावायचं ते दाखवलं. काकूने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी पुरणपोळ्या नेल्या. "चूक माझी, बोलणं खाल्लं मी," ती मला म्हणाली. "पण डाग गेला होता बरं का."

पावसाळ्यात काकूची खरी कसोटी लागली. शिळफाट्यापासून डोंबिवलीपर्यंत रस्त्याची चाळण होते हे सांगायला नको. त्यात या गाडीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक: तिच्या त्या हवेच्या पिशव्या. पुढे दुसरी गाडी असेल तर काकू तिच्या मागोमाग जायची, तिचं चाक कुठे आपटतं ते बघत. डब्यांची व्हॅन सकाळी आधी जायची, तिच्या नव्या ड्रायव्हरला परत येऊन कुठे नवा खड्डा पडलाय ते सांगावं लागायचं. गणपती गेले, नवरात्र बसलं. गाडी एकदाही रस्त्यात थांबली नव्हती. इमारतीतले लोक आता उघडउघड काकूच्या बाजूने होते.

आणि नवरात्रातच एका सकाळी मी खाली आले तर गाडी एका कुशीवर कललेली, जशी पाय मुरगळलेली म्हैस. काकू समोर उभी. पुढच्या एका चाकावरची हवा गेली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलं की तो सगळा भाग बाहेरून मागवावा लागेल, दसऱ्याच्या आत शक्यच नाही. खोटं बोलत नव्हते ते. त्यांची रीतच तशी. म्हात्रे आले, गाडीखाली शिरले. "पिशवी चांगली दिसते, काकी. कुठूनतरी बारीक हवा जाते, पण कुठून ते कललं पायजे."

काकूने चाकाजवळ बसून कान लावला. शेजारी शाळेची बस उभी होती, मागे केंद्रात मिक्सर चालू होता. तिने मिक्सर बंद करायला लावला. बस गेली. ती परत वाकली, पुन्हा वाकली. बराच वेळ तशी राहिली. मग केंद्राच्या पायरीवर येऊन बसली आणि मला अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला ऐकू येत नाही गं. पूर्वी आलं असतं." तिला हरलेली मी पहिल्यांदा बघत होते. तिला गाडीचं वाईट वाटत नव्हतं, ते मला कळत होतं. घाटापलीकडचं गाव तिच्या डोळ्यांसमोरून मागे सरकत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. बाबा उतरत होते. एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हातात मग, काठोकाठ साबणाच्या फेसाने भरलेला. आई मागून त्यांचा सदरा धरून. केंद्रात पहिला सिलिंडर आला त्या दिवसापासून बाबा महिन्यातून एकदा खाली येऊन गॅसच्या नळीला असा फेस लावून बघायचे. बुडबुडा आला नाही की एक शब्द न बोलता वर जायचे. गुडघे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, पण "लावलास का फेस?" ही चौकशी कधी चुकली नाही. एकटी बाई आगीशी काम करते, ही काळजी त्यांनी आयुष्यभर अशी केली होती.

"गॅसच्या नळीला लावतो तसं लावून बघा," त्यांनी मग म्हात्र्यांपुढे धरला.

काकू उभी राहिली. "दादा, ही अशीच राहिली तर तुम्ही जिंकता."

"मी जिंकायला खाली आलेलो नाही," बाबा म्हणाले. "गप्प बस आणि त्यांना बॅटरी धर."

म्हात्र्यांनी पिशवीला फेस लावला, काही नाही. नळीला लावला, काही नाही. नळी जिथे जोडली होती तिथे लावला, आणि तिथे एक बारीक बुडबुडा फुगत फुगत सुपारीएवढा झाला. "गावला," म्हात्रे खालूनच ओरडले. नुसता जोड सुटत आला होता. दुपारपर्यंत त्यांनी नवा जोड आणून बसवला, इंजिन सुरू केलं, आणि गाडी हळूहळू सरळ उभी राहिली. बायकांनी पोळपाट वाजवले. काकूने वर बघितलं तेव्हा बाबा जिन्याच्या पहिल्या वळणावर दम खात उभे होते, आणि काय बघायचं ते बघून झाल्यासारखे पुन्हा चढायला लागले.

दसऱ्याला बाबा पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून तयार होते. कुठे जायचं ते काकूने सांगितलं नव्हतं. शिरपेचासारखा झेंडूचा हार घातलेली गाडी दारात आली, बटण दाबलं गेलं, गाडी वाकली. बाबांनी पायरीकडे बघितलं, मग काकूकडे. काय कळायचं ते त्यांना तिथेच कळलं असावं. त्यांनी पाय आत ठेवला. कुणाचा हात धरावा लागला नाही.

मागे आई आणि मी. कल्याण गेलं, मुरबाड गेलं. काकू नेहमी गाडी चालवताना अखंड बोलते; त्या दिवशी तिच्या तोंडून अक्षर नाही, सगळं लक्ष इंजिनाकडे. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. घाट सुरू झाला. दोन्ही अंगांना सोनकीची पिवळी फुलं. एका वळणावर बॉनेट उघडलेला ट्रक वाफा टाकत उभा होता; काकूने गियर बदलला आणि आमचा हत्ती त्याच्या शेजारून असा वर गेला की आईने माझा हात दाबला. घाटमाथा आला, पलीकडची शिवारं दिसायला लागली, आणि बाबांनी खिडकीची काच खाली केली. त्यांच्या चेहऱ्यावर वारा लागत होता. मी त्यांना इतकं तरुण कधी बघितलं नव्हतं.

गावात पाराजवळ गाडी थांबली. बाबांचे बालमित्र नाना तिथेच होते. मिठ्या झाल्या, सोनं दिलं-घेतलं, "गुरुजी, गाव विसरलात" हे तीनतीनदा झालं. मग नानांनी गाडीला फेरी मारली, पारखून बघितली आणि म्हणाले, "गाडी झकास, गुरुजी. पण वापरलेली दिसते."

मला वाटलं, आता 'हत्ती' बाहेर येणार. काकू डिकीशी पिशव्या काढत होती, तिचा हात तिथेच थांबला.

"वापरलेली होती," बाबा म्हणाले. "आता सांभाळलेली आहे. आमच्या सुमनने सांभाळलीय." मग वर्गात सांगावं तसं प्रत्येक शब्दावर जोर देत, "हिने आयुष्यात जे जे हातात घेतलं, ते छान सांभाळलं."

काकू डिकीत डोकं घालून बराच वेळ पिशव्या शोधत राहिली. पिशव्या तिच्या हातातच होत्या.

दुपार कलल्यावर परत निघालो. बाबांनी सीट मागे केली आणि डोळे मिटले. आईही पेंगायला लागली. घाटाच्या तोंडाशी काकू आरशातून माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "काय म्हणाले गं दादा, नानांना?"

"तू तिथेच होतीस की."

"वारा होता. नीट ऐकू आलं नाही."

तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. पण मी सांगितलं, "म्हणाले, सुमनने जे जे हातात घेतलं ते सांभाळलं."

दोन वळणं गेली. "परत सांग."

"काकू, अगं..."

"सांग गं."

मी परत सांगितलं. तेव्हा पुढच्या सीटवरून, मिटल्या डोळ्यांनीच, आवाज आला, "छान सांभाळलं, असं म्हणालो होतो मी. सांगायचं तर पूर्ण सांगावं."

थोडं पुढे, दरीच्या कठड्याशी मोकळी जागा दिसली तिथे काकूने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"बंद पडली का?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, दादा," पदराने डोळे पुसत काकू म्हणाली, "मी थांबवलीय."